माहिती अधिकाराचा अर्ज : उत्तर नव्हे, कागद मागा

प्रतिनिधी

घरासमोरचा रस्ता दोन पावसाळेही टिकत नाही, शिधापत्रिकेचा अर्ज तहसील कार्यालयात महिनोन्‌महिने पडून राहतो, शाळेला मंजूर झालेले अनुदान कुठे अडले हे कोणी सांगत नाही. अशा वेळी ‘माहिती अधिकारात अर्ज टाका’ हा सल्ला आज कोणीही देतो. अर्ज टाकला जातो. महिन्याभराने ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असे दोन ओळींचे पत्र येते आणि अनेकांचा उत्साह तिथेच संपतो. प्रत्येक वेळी दोष कायद्याचाच असतो असे नाही. कायद्याने नेमके काय मागण्याचा अधिकार दिला आहे, हे अर्जदाराने पाहिलेले नसते, हेही त्यामागचे एक मोठे कारण आहे.

पहिला अर्ज अचूक असण्याला आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. महाराष्ट्र राज्य माहिती आयोगापुढे प्रलंबित असलेल्या अपिलांची व तक्रारींची संख्या २०२३ मध्ये एक लाखाच्या वर होती. आयोगापर्यंत गेलेले प्रकरण सुनावणीस येण्यास दीर्घ काळ लागू शकतो, आणि तोवर खराब रस्त्याच्या ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारीही संपून गेलेली असते. म्हणूनच जी माहिती मिळवायची ती शक्यतो पहिल्याच टप्प्यावर मिळावी, अशा बेताने अर्ज लिहिणे शहाणपणाचे ठरते. राज्य शासनाच्या कार्यालयांतून अभिलेख कसे मिळवावेत, याची ही माहिती.

कायद्याने काय दिले?

माहितीचा कायदा महाराष्ट्राला नवा नाही. राज्याने २००० साली स्वतःचा कायदा केला होता. तो अपुरा असल्याच्या टीकेनंतर आणि ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर २००२ चा अधिक सक्षम कायदा आला. पुढे संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ संमत केला व १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला. आज राज्यातील कार्यालयांना हाच केंद्रीय कायदा लागू आहे. शुल्क व अर्जाची पद्धत यांसाठी मात्र राज्याचे स्वतःचे नियम आहेत.

या कायद्यातील ‘माहिती’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापने, ई-मेल, अभिप्राय, परिपत्रके, आदेश, नोंदवह्या, करार, अहवाल, नमुने आणि संगणकात साठविलेली सामग्री असे सारे तिच्यात येते. नस्तीवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपण्याही मागता येतात. या टिपण्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा केंद्र सरकारचा प्रयत्न २००६ मध्ये देशभरातील विरोधामुळे मागे पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अण्णा हजारे यांनी आळंदी येथे त्यासाठी उपोषण केले होते. कागदांच्या प्रती घेणे, मूळ अभिलेख प्रत्यक्ष पाहणे, चालू कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही या अधिकाराचे भाग आहेत.

एक गोष्ट मात्र या व्याख्येत बसत नाही, ती म्हणजे ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे समर्थन देणे, हे माहिती देण्याच्या व्याख्येत येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. अधिकाऱ्याने नवी माहिती तयार करून देणे अथवा स्वतःचे मत कळविणे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये म्हटले. कार्यालयात जे अभिलेख आहेत, तेवढेच मिळतात. प्रश्नार्थक अर्ज फेटाळले जातात ते याच आधारावर.

अर्जापूर्वी दोन गोष्टी पाहा

कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करावयाची आहे. अधिकाऱ्यांची कामे व अधिकार, निर्णय घेण्याची पद्धत, कर्मचाऱ्यांची यादी व वेतन, अंदाजपत्रकीय तरतूद, अनुदान योजनांचे लाभार्थी या बाबी त्यात येतात. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. सातबारा उतारे महाभूलेखवर, तर नोंदणीकृत गृहप्रकल्पांची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर मिळते. जे तिथे सापडेल त्यासाठी तीस दिवस थांबण्याचे कारण नाही. शिवाय संबंधित शासन निर्णय हाती असला, की कोणता कागद कोणत्या कार्यालयात तयार झाला असला पाहिजे हे आधीच कळते.

दुसरी सोय फारशी ठाऊक नाही. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सूचना केली. माहिती अधिकाराच्या अर्जांची संख्या कमी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. पुणे महापालिकेत अशी प्रथा त्याआधीपासून होती. आपल्या कार्यालयात ही सोय प्रत्यक्षात कशी चालते, याची चौकशी करावी. आधी नस्ती पाहिली, की कोणत्या पानांच्या प्रती हव्यात हे नेमकेपणाने लिहिता येते.

दाखला, उतारा किंवा परवाना वेळेत मिळत नसेल, तर आधी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कडे पाहावे. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे त्याने बंधनकारक केले आहे व त्याची अपिलाची व्यवस्थाही वेगळी आहे. माहिती अधिकारात दाखला मिळत नाही. त्याची नस्ती कोणाच्या मेजावर किती दिवस होती, एवढे मात्र कळते.

अर्ज कोणाकडे व कसा?

प्रत्येक कार्यालयात जन माहिती अधिकारी व त्याच्यावर प्रथम अपिलीय अधिकारी नेमलेले असतात. त्यांची नावे व पदे कार्यालयाच्या फलकावर लावलेली असतात. फलक आढळला नाही, तर ‘जन माहिती अधिकारी’ एवढा पदनामाचा उल्लेख आणि कार्यालयाचा पत्ता पुरतो. अर्ज शक्यतो ज्या कार्यालयात कागद तयार होतो त्याच कार्यालयाकडे करावा. गावच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका मंत्रालयात नसते; ती संबंधित उपविभागात किंवा विभागात असते. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला, तर पाच दिवसांच्या आत तो योग्य प्राधिकरणाकडे पाठवून अर्जदारास कळविणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे. केवळ या कारणाने अर्ज परत करता येत नाही.

राज्याच्या नियमांत अर्जासाठी जोडपत्र ‘अ’, पहिल्या अपिलासाठी जोडपत्र ‘ब’ आणि दुसऱ्या अपिलासाठी जोडपत्र ‘क’ असे नमुने दिले आहेत. अर्ज मराठीत करता येतो. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी लेखी स्वरूपात आणण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती कलम ६(२) नुसार करता येत नाही. हा अधिकार नागरिकाला आहे. त्यामुळे संस्थेच्या अथवा कंपनीच्या नावाने अर्ज न करता व्यक्तीने स्वतःच्या नावाने करावा.

अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. ते रोख, धनाकर्ष, बँकर्स चेक किंवा अर्जावर चिकटविलेल्या कोर्ट फी स्टॅम्पच्या रूपाने भरता येते. येथे अनेकांची गल्लत होते. रेल्वे, टपाल, आयकर अशा केंद्र सरकारच्या कार्यालयांना कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही; तेथे पोस्टल ऑर्डर लागते. न्यायालये व विधिमंडळ यांना स्वतःचे वेगळे नियम करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुरावा जोडल्यास शुल्क माफ आहे. राज्य शासनाच्या ‘आरटीआय ऑनलाइन’ या संकेतस्थळावरून अनेक कार्यालयांना घरबसल्या अर्ज करता येतो. आपले कार्यालय तेथील यादीत आहे का, हे आधी पाहावे. अर्ज समक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी, टपालाने पाठविल्यास स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी. पुढची सारी मुदत याच तारखेवरून मोजली जाते.

दीडशे शब्दांची मर्यादा

राज्य शासनाने जानेवारी २०१२ मध्ये नियमांत केलेली दुरुस्ती अर्जदाराने विसरू नये. तिच्यानुसार एका अर्जात एकाच विषयाची माहिती मागायची असून अर्ज सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. एकाहून अधिक विषय असतील, तर अधिकारी पहिल्याच विषयाची माहिती देऊन इतरांसाठी स्वतंत्र अर्ज करण्यास सांगू शकतो. तेव्हा तक्रारीचा इतिहास, संताप आणि आरोप यांवर शब्द खर्च करू नयेत.

खरे कसब आपली तक्रार कागदाच्या नावात बदलण्यात आहे. ‘रस्ता एवढ्या लवकर का उखडला?’ या प्रश्नाला कायद्याने उत्तर मिळत नाही. मात्र प्रत्येक सरकारी कामामागे कागदांची एक ठरलेली साखळी असते. आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रकासह तांत्रिक मान्यता, त्यानंतर निविदा, करारनामा व कार्यारंभ आदेश. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, साहित्याच्या गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि देयके. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. हे कागद शेजारी-शेजारी ठेवले, की डांबराचा थर किती जाडीचा ठरला होता, किती जाडीचे मोजमाप लिहिले गेले आणि पैसे कशाचे दिले गेले हे दिसते. रस्ता का उखडला, याचे उत्तर मग वाचणाऱ्याला आपोआप मिळते. करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करावयाची असते.

अशा अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकेल :

‘विषय : (रस्त्याचे नाव, कोठून कोठपर्यंत) या रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : (१) तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक, (२) कार्यारंभ आदेश व दोषदायित्व कालावधीच्या अटीसह करारनामा, (३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, (४) गुणवत्ता चाचणीचे अहवाल, (५) ठेकेदारास अदा केलेली सर्व देयके. तसेच मूळ नस्ती पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी. माहिती समक्ष घेण्यात येईल.’

हा मजकूर दीडशे शब्दांच्या आत सहज बसतो. एखाद्या अर्जाचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘माझ्या अर्जावर कार्यवाही का झाली नाही?’ असे लिहू नये. अर्जाचा आवक क्रमांक व तारीख देऊन ‘या अर्जाच्या नस्तीवरील सर्व टिपण्या, तसेच आवक-जावक नोंदवहीतील संबंधित नोंदी यांच्या प्रती’ मागाव्यात. अर्ज कोणाकडे किती दिवस थांबला, ते त्यातून उघड होते. ‘आजपर्यंतची सर्व माहिती’ असेही मागू नये. असंख्य पाने शोधणे कार्यालयाच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण टाकते, असे कारण पुढे करून माहिती मागितलेल्या स्वरूपात नाकारता येते.

प्रतीसाठी दर पानाला २ रुपये व टपालाने हवी असल्यास टपालखर्च आकारला जातो. अभिलेख पाहण्यासाठी पहिल्या तासाला शुल्क नाही. पाहणीच्या वेळी सोबत पेन्सिल न्यावी, कारण २०१२ च्या दुरुस्तीनुसार अभिलेखांजवळ पेन नेऊ दिले जात नाही.

तीस दिवसांचा हिशेब

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती देणे किंवा कारणासह नाकारणे बंधनकारक आहे. सहायक जन माहिती अधिकाऱ्यामार्फत अर्ज दिल्यास आणखी पाच दिवस मिळतात. व्यक्तीचे जीवित वा स्वातंत्र्य यांच्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. त्रयस्थ पक्षाचे म्हणणे मागवायचे असल्यास मुदत ४० दिवसांपर्यंत जाते. शुल्क भरण्याचे पत्र पाठविल्यापासून अर्जदार पैसे भरेपर्यंतचा काळ मुदतीत धरला जात नाही, म्हणून शुल्क भरण्यास विलंब करू नये. मुदतीनंतर दिलेली माहिती मात्र विनामूल्य द्यावी लागते, ही तरतूद कलम ७(६) मध्ये आहे. उशिरा आलेल्या पत्रात पैशांची मागणी असेल, तर या कलमाचा हवाला द्यावा.

‘नस्ती सापडत नाही’ हे उत्तरही वारंवार मिळते. कायद्यातील अपवादांच्या यादीत हे कारण नाही. अभिलेखांच्या जतनासाठी राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. असे उत्तर आल्यास नस्ती नष्ट केली असेल तर तिच्या नाशाच्या आदेशाची प्रत, आणि गहाळ झाली असेल तर त्यासंबंधी केलेल्या चौकशीची कागदपत्रे, असा स्वतंत्र अर्ज करावा. कित्येकदा तेवढ्याने नस्ती सापडते.

नकार केव्हा देता येतो?

माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ व ९ मध्ये दिली आहेत. देशाची सुरक्षा, न्यायालयाने मनाई केलेली माहिती, विधिमंडळाचा विशेषाधिकार, व्यापारी गुपिते, तपासाला येणारा अडथळा, मंत्रिमंडळाची कागदपत्रे ही त्यांतील प्रमुख होत. ‘चौकशी चालू आहे’ एवढेच म्हणणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. कागदाचा काही भाग गोपनीय असेल, तर तेवढा झाकून उरलेला देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे.

सर्वांत महत्त्वाचा बदल वैयक्तिक माहितीबाबत झाला आहे. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने खासगीपणावर अनावश्यक आक्रमण होईल, अशीच माहिती पूर्वी कलम ८(१)(ञ) नुसार नाकारता येत असे. संसद वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे वाक्यही त्यास जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हे कलम बदलले व नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. आता ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले आहेत. ठेकेदाराचे नाव, अधिकाऱ्याची स्वाक्षरी, लाभार्थ्यांची यादी यांतही व्यक्तीचे नाव असतेच, त्यामुळे नकाराचा हा रस्ता रुंद झाला आहे.

तरीही दोन आधार शाबूत आहेत. पहिला कलम ८(२) चा. माहिती उघड करण्यातील सार्वजनिक हित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. दुसरा कलम ४ चा. कर्मचाऱ्यांचे वेतन व अनुदानाचे लाभार्थी यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन त्या कलमात कायम आहे. कारण सांगण्याची सक्ती नसली, तरी जेथे नावे येणार आहेत अशा अर्जात सार्वजनिक हिताची एक ओळ लिहावी. शक्य तेथे व्यक्तीऐवजी पदनामाने माहिती मागावी व खासगी पत्ते, दूरध्वनी क्रमांक झाकून द्यावेत असे स्वतःच नमूद करावे.

अपिलाची वाट

मुदतीत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. अर्ज १ जूनला पोहोचला असेल, तर माहितीची मुदत १ जुलैला संपते आणि अपिलाची ३१ जुलैला. राज्यात अपिलासाठी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. हे अपील ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाली काढावयाचे असते. सुनावणीस जाणे सक्तीचे नसले तरी जावे. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे मुख्यालय मुंबईत असून कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती व नागपूर येथील विभागांसाठी स्वतंत्र खंडपीठे आहेत. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नव्हे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. हा दंड अर्जदाराला मिळत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई मात्र आयोग देववू शकतो. कलम १८ ची तक्रार हा वेगळा मार्ग आहे. तिच्यात दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. ज्याला कागद हवा आहे त्याने अपीलच करावे.

गृहनिर्माण संस्थांचे काय?

शहरी वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदल्या म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. त्यामुळे सोसायटीच्या सचिवाकडे माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. मात्र उपनिबंधकाचे कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहे. सोसायटीने तेथे सादर केलेले लेखापरीक्षण अहवाल व इतर कागद, तसेच निबंधकाला कायद्याने मागवता येणारी माहिती तेथून मागता येते. सदस्याला ताळेबंद व सभांची इतिवृत्ते पाहण्याचा आणि प्रती घेण्याचा वेगळा अधिकार सहकार कायद्यानेच दिलेला आहे.

अर्ज पाठविण्यापूर्वी तो एकदा वाचून पाहावा. त्यात प्रश्नचिन्ह आढळले, तर ते खोडून त्या जागी कागदाचे नाव लिहावे. कालावधी, कार्यालय आणि विषय एकेकच आहेत ना, हे तपासावे. दहा रुपयांचा स्टॅम्प लावावा आणि पोच घेतल्याबरोबर तीस दिवसांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी.